गौराक्काची ज्वारी आणि अण्णांचा पेपर

गौराक्काच्या घरात माझं पहिलं पाऊल थेट वांग्यावर पडणार होतं. "हळू गं, वांगं हाय तितं," असं कुणीतरी म्हणालं आणि मी एक पाय वर धरून तशीच उंबऱ्यात थबकले. खाली बघितलं तर वांगंबिंगं काही नव्हतं. फरशीवर वर्तमानपत्राचं पान पसरलेलं, पानावर अक्षरांचा एक चौकोन, आणि त्यातल्या काही अक्षरांवर ज्वारीचा एकेक दाणा ठेवलेला. पानावर ओणवी होऊन, नाक जवळजवळ कागदाला लावून एक बाई बसलेली. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगावर इरकल. मी मनात म्हटलं, झालं, खोली बघायला आले आणि घरमालकीण निघाली करणी करणारी.

"खोली मागं हाय," ती मान वर न करता म्हणाली. "जा, बघून ये. तवर मी भोपळा शोधते."

मी जेऊरची. सोलापूरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटरची नोकरी लागली तेव्हा सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात खोली शोधत फिरत होते. खोली बघून परत आले तेव्हा भोपळा सापडलेला होता आणि बाईंचा चेहरा उजळलेला होता. "तुमचं भाडं किती?" मी विचारलं. "तुमी-बिमी नको," ती म्हणाली. "अक्का म्हन आन तू म्हन. भाड्याचं त्यांना विचार. आधी सांग, तुला गवार कुटं दिसती का?" मी वाकून बघितलं, गवार दाखवली, आणि माझी खोली पक्की झाली.

प्रकार असा होता. सोलापुरातलं एक छोटं दैनिक शेवटच्या पानावर रोज 'शब्दशोध' छापायचं. अक्षरांचा चौकोन आणि वर एक विषय: आज भाज्या, उद्या नद्या, परवा दागिने. शब्द आडवे, उभे, तिरके, कधी उलटे लपवलेले. शोधायचे आणि गोल करायचे, एवढंच. पण गौराक्काच्या घरात गोल करायला मनाई होती, कारण पेपर एक आणि गिऱ्हाइकं तीन. सकाळी तो अण्णा वाचायचे. अण्णा म्हणजे सिद्रामअण्णा, अक्काचे यजमान, सुताच्या व्यापारातून नुकतेच मोकळे झालेले. दुपारी पेपर अक्काचा. संध्याकाळी तो अण्णांच्या थोरल्या भावाच्या चादरीच्या दुकानात जायचा आणि तिथं थोरले गल्ल्यावर बसून कोडं सोडवायचे. एकदा कधीतरी त्यांना पेपरात एक गोल केलेला सापडला तर त्यांनी म्हणे सणाचं जेवण टाकलं होतं. तेव्हापासून त्या घरात कोड्याला पेन्सिल लागली नाही. अण्णा नुसत्या डोळ्यांनी सोडवायचे आणि अक्का ज्वारीनं.

कोडं झालं की दाणे गोळा करून परत डब्यात. डब्यातून गिरणीत, गिरणीतून तव्यावर. त्या घरात मी कितीतरी नद्यांच्या आणि दागिन्यांच्या भाकरी खाल्ल्या आहेत, वर शेंगाचटणी घालून.

संध्याकाळी अण्णांची पूजा आटोपली की हिशेब व्हायचा. अण्णा आरामखुर्चीत, अक्का चुलीपाशी. "भीमा?" "सापडली." "सीना?" "सापडली." "हरणा?" इथं कुणाचा तरी चेहरा पडायचा. ज्याचे शब्द कमी त्यानं चहा करायचा असा करार होता, आणि तो करार लग्नातल्या शपथेपेक्षा कडक पाळला जायचा. अण्णांचा चहा म्हणजे कोमट गुळवणी. अक्का तो घोट घोट घेत, बशी वर उचलून, मुद्दाम आवाज करत प्यायची. "लई ग्वाड केलासा," म्हणायची. जिंकलेल्या चहाला नावं ठेवायची नसतात, असं तिचं मत होतं.

अक्काचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडलं, घरात कानडी, शाळाही कानडी. मराठी अक्षरं ती लग्नानंतर शिकली, तीही दुकानांच्या पाट्यांवरून. नवरा बाजाराला घेऊन जायचा आणि ही मागं राहून पाटीवरची अक्षरं लावायची. त्यामुळं तिचं अक्षरांशी नातं आपल्यासारखं उंटावरून शेळ्या हाकणारं नव्हतं. एखादा शब्द सापडला की ती त्याला पाहुण्यासारखं आत घ्यायची. "बा, बा," म्हणायची, म्हणजे कानडीत ये, ये. "कुटं दडली व्हतीस गं, सकाळधरनं शोधाय लागले." मग एकेका अक्षरावर दाणा. शोधायची तिची रीतही ठरलेली. आधी चारी कोपरे. "लाजरी मानसं कोपऱ्यात बसत्यात," ती सांगायची. "मधी बसनारी आपून हाक मारत्यात, त्यांची काय काळजी?"

दुपारी दार उघडं असायचं आणि चिमण्या आत यायच्या. चिमण्यांना कोड्याशी काही देणंघेणं नव्हतं. अक्का पाण्याला उठली की त्या येऊन दोनचार अक्षरं उचलून न्यायच्या. एकदा संध्याकाळी हिशेबाला अण्णांनी मुळा विचारला आणि तो कुठं होता ते अक्काला काही केल्या आठवेना. "मला सापडला व्हता," ती म्हणाली. "दाखव." आता दाखवणार कुठून? पेपर तर दुकानात गेलेला. "चिमणीनं खाल्ला," ती म्हणाली. अण्णा कधी मोठ्यानं हसत नसत, पण त्या दिवशी त्यांना ठसका लागला. चहा मात्र अक्कालाच करावा लागला, कारण चिमणीची साक्ष काढायची कशी?

एवढ्यावरून ही बाई हार मानणारी होती असं कुणी समजू नये. एकदा विषय होता नाती. मामा, मावशी, आत्या, नणंद, सगळी जमली. शिवाय अक्काला एका कोपऱ्यात तिरकं 'अक्का' दिसलं. अण्णा म्हणाले, ते कोडंवाल्यानं घातलेलं नाही, उद्या उत्तरात बघू. दुसऱ्या दिवशीच्या उत्तरात खरंच अक्का नव्हती. अण्णा म्हणाले, "चहा." अक्का म्हणाली, "जरा थांबा." आणि शेंगाचटणीचा डबा पिशवीत घालून मला म्हणाली, "चल गं, तुला बोलायची सवय हाय."

सात रस्त्याजवळ एका जिन्याखाली त्या पेपराचा छापखाना होता. शाईनं काळी झालेली बोटं पुसत एक तरुण बाहेर आला. कोडं तोच जुळवायचा. अक्कानं डबा त्याच्या हातात दिला आणि सरळ विचारलं, "माझं अक्का कुटं गेलं?" त्यानं कालचा अंक काढला, बघितलं, आणि बिचारा लाजला. "अहो, ते मी घातलं नव्हतं. चुकून जुळून आलं असेल."

"आलं न्हवं?"

"आलं, पण चुकून."

"मग चुकून झालेल्या लेकराला नाव ठेवीत न्हाईत व्हय?"

पोरगा खाली बघायला लागला. आतून खिळे जुळवणारी दुसरी माणसं मान वर करून बघत होती. मला बोलायची सवय असूनही बोलायला जागाच मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी कोड्याखाली बारीक अक्षरात दोन ओळी आल्या: परवाच्या नात्यांत एका वाचक भगिनीला आणखी एक नातं सापडलं, ते ग्राह्य धरावं. अण्णांनी ते सकाळी वाचलं, पेपराची घडी घातली, आणि कुणी काही म्हणायच्या आत उठून चुलीवर आधण ठेवलं. अक्का दिवसभर बोळातल्या सगळ्यांना सांगत हिंडली की पेपरात आपल्याला भगिनी म्हटलंय.

असं सगळं छान चाललेलं असताना अक्का आळशी झाली. म्हणजे मला तरी तसंच वाटलं. माझी ड्यूटी सकाळची असली की दुपारी मी घरी असे. मी दिसले की ती हाक मारायची, "सुमा, ये की. माझे हात पिठाचे हायत, तू ओळी वाच." कधी हात पिठाचे, कधी तिखटाचे, कधी नुसतीच मान अवघडलेली. मी पेपर घेऊन बसायची आणि ट्रंक कॉलचे नंबर सांगतात तसं एकेक अक्षर सुटं करून वाचायची. ती भाकरी थापत ऐकायची. आडवे शब्द पटापट सांगायची. मग म्हणायची, "आता परत्येक ओळीतलं पयलं अक्षर सांग. आता दुसरं." असे उभेही निघायचे. तिरके तेवढे राहायचे. अख्खा चौकोन ती डोक्यात मांडायची आणि मी आपली तोंडात बोट घालून बघत राहायची. हिचं डोकं आहे का पट आहे, असं मला वाटायचं. हात रोज पिठाचेच कसे, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही.

अण्णा या काळात सारखे जिंकत होते आणि खुशीत होते. "हल्ली तिरके जमेनात तुला," म्हणून चिडवायचे. एकदा जेवताना त्यांच्या दाताखाली खडा आला, मग दुसऱ्या दिवशीही आला. "तांदूळ निवडतेस का मोजतेस?" ते म्हणाले. मी तिला तांदूळ निवडताना पाहिलं होतं. ती बोटांनी निवडायची, तोंड खिडकीकडे करून.

मग एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर दार उघडं होतं आणि अक्का पेपरावर ओणवी झालेली. विषय होता फुलं. "आज माझं मी करते," ती ऐटीत म्हणाली. "जाई झाली, शेवंती झाली." मी वाकून बघितलं. दाणे अगदी ओळीत, नीट, प्रेमानं मांडलेले होते. पण ते कोड्यावर नव्हतेच. शेजारी शर्टाच्या कापडाची मोठी जाहिरात होती. अक्कानं जाई आणि शेवंती त्या जाहिरातीवर मांडल्या होत्या.

मी खाली बसले आणि तिच्या डोळ्यांसमोर हात हलवला. तिनं तो पकडला. "हालवू नको," ती म्हणाली. "दिसतंय मला. थोडं दिसतंय."

"अक्का, किती दिवस झाले?"

"आदी लांबचं गेलं. मग जवळचं बी गढूळ झालं, जनावरांच्या डोनीतल्या पान्यावानी. आता उजेड कळतो, मानूस आल्यालं कळतं."

"अण्णांना माहीत आहे?"

"न्हाय. आन तू सांगशील तर बघ." आणि तिनं सांगितलं. तिच्या अव्वाचे, म्हणजे आईचे, डोळे असेच गढूळ झाले होते. गावात एक वैदू आला. मोती पाडून देतो म्हणाला, सुईनं टोचलं आणि पट्टी बांधून निघून गेला. पट्टी सोडली तेव्हा जो काही उजेड उरला होता तोही गेलेला. पुढं अव्वा बरीच वर्षं जगली, भिंतीला हात लावत. "मला थोडं तरी दिसतंय," अक्का म्हणाली. "ते बी घालवायचं व्हय? त्यांना कळलं तर हाताला धरून नेतील कापाया."

आता एक सांगते. टेलिफोन ऑपरेटरच्या पोटात गावभरची गुपितं असतात आणि ती तिथंच राहतात. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा माल बुडाला, सगळं आमच्या कानावरून जायचं आणि मी कधी चकार शब्द काढला नाही. पण अक्काची गोष्ट मी त्याच संध्याकाळी अण्णांना सांगितली आणि मला त्याचं आजतागायत काही वाटलेलं नाही. आंधळी होऊ द्यायची होती का तिला?

अण्णांनी ऐकून घेतलं. ते खांद्यावरच्या पंच्याचं टोक पिळत बसले. "आन मी जिंकत व्हतो," एवढंच म्हणाले.

मला वाटलं आता ते दवाखान्यात जायचं काढतील. पण हा माणूस सुताच्या बाजारात वाढलेला, आधी नुकसान थांबवायचं ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पेपर टाकणाऱ्याला बोळाच्या तोंडाशी गाठलं आणि पेपर बंद केला. त्यांचं म्हणणं असं की बारीक अक्षरं बघून बघूनच तिचे डोळे गेले, तेव्हा अक्षरंच नकोत. डॉक्टरला विचारलंत का, असं मी म्हटलं. "त्यात डाक्टर कशाला?" ते म्हणाले. कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

दुपारी अक्का हात धुऊन बसली. पेपर नाही. "आज उशीर झाला वाटतं," म्हणाली. संध्याकाळी थोरल्यांच्या दुकानातून माणूस आला, पेपर का नाही पाठवला. तेव्हा अण्णांना सांगावं लागलं. अक्कानं सगळं ऐकलं. माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "तू सांगितलंस." मी हो म्हटलं. मग अण्णांकडं तोंड करून म्हणाली, "आन तुमी, मी जित्ती असताना माझं घर बंद केलासा."

पुढं कितीतरी दिवस त्या घरात अबोला होता. म्हणजे अक्का बोलायची, पण माझ्यामार्फत. अण्णा हातभर अंतरावर बसलेले आणि ही म्हणणार, "सुमा, त्यांना सांग भाकरी झाली." मी सांगायची. "तिला सांग, आमटीत मीठ न्हाय." मी सांगायची. एक्स्चेंजमध्ये दिवसभर लोकांचे कॉल जोडायचे आणि घरी येऊन यांचे. शेवटी एका संध्याकाळी मी ताट बाजूला सारलं आणि म्हणाले, तुमच्या दोघांची लाइन आता मी तोडते, काय ते समोरासमोर बोला, नाहीतर मी दुसरी खोली बघते. मग अक्काच बोलली, सरळ अण्णांशी.

"पेपर सुरू करा."

"डोळं दाखवायचं."

"दाखवते. पर कापायला लागलं तर तुमी तितं बसायचं. हालायचं न्हाय. आन पेपर रोज आनायचा."

"आनतो."

"आन मला आंधळी करून आनलं तर," ती थांबली. "तर मला भिंतीला हात लावत हिंडू देऊ नका. तुमी हात धरायचा."

अण्णा उठले, चुलीपाशी गेले आणि कुणी न हरता चहा ठेवला. मी ताट घेऊन माझ्या खोलीत गेले, कारण माझे डोळे भरले होते आणि तिथं थांबायचं काही कारणही नव्हतं.

डॉक्टरांनी बघून सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, उजवा पूर्ण पिकलाय. "पिकलाय म्हटल्यावर काडायलाच पायजे की," अण्णा म्हणाले, आंब्याबद्दल बोलावं तसं. उजवा डोळा आधी करायचं ठरलं. त्या काळी हे काम आजच्यासारखं नव्हतं. ऑपरेशन झालं की दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि उताणं पडून राहायचं. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही, टाके तुटतात. अक्काला हसायची बंदी म्हणजे ऑपरेशनपेक्षा मोठी शिक्षा होती.

दुसऱ्या दिवशी भेटीच्या वेळी मी गेले. बायकांचा वॉर्ड, सगळ्या उताण्या, सगळ्यांच्या डोळ्यांवर पांढऱ्या पट्ट्या. अक्काच्या खाटेशी स्टुलावर अण्णा, हातात पेपर. ज्या माणसानं जन्मात कधी कोडं तोंडानं सोडवलं नव्हतं तो मोठ्यानं अक्षरं वाचत होता, आणि ते इतकं वाईट वाचत होता की मला पुढं होऊन पेपर काढून घ्यावासा वाटला. पण मी दारातच थांबले. विषय होता स्वयंपाकघरातली भांडी.

"प, रा, त, ळी," अण्णा म्हणाले.

"परात," अक्का म्हणाली.

"फुडची ओळ. का, थ, व, ट."

"काथवट," हे अक्का नव्हे, पलीकडच्या खाटेवरची बाई म्हणाली. तिच्या पलीकडची एक पद्मसाळी आजी तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि मग मराठीत म्हणाली, "तवा आला का? तवा नाय तर सैंपाक कसला?" भिंतीकडच्या खाटेवरून एक खाला म्हणाली, "भाईसाब, ऊपर से पढो, खडी लाइन. हमारा बघुना उसमेंच होना." अण्णांनी उभ्या ओळी वाचायला घेतल्या. त्यांची बोटं कागदावरून घसरत होती, ते मधलं अक्षर गाळत होते आणि सगळ्या मिळून त्यांना रागावत होत्या. एकीलाही दिसत नव्हतं. खालाचा बघुना तिसऱ्या ओळीत उभा सापडला. खाला म्हणाली, "देखो, मैं बोली थी ना."

तेवढ्यात अण्णांनी तिरकी ओळ वाचली आणि त्यातून 'उलथणं' निघालं. पद्मसाळी आजी म्हणाली, "ते माज्या नवऱ्याला लागलंय एकदा." मग काय विचारता. सगळा वॉर्ड ओठ मिटून हसायला लागला. खाटा हलत होत्या. नर्स धावत आली, "टाके तुटले तर मला सांगू नका," म्हणून ओरडली, आणि अण्णांना बाहेर काढलं. बाहेर येताना अण्णा मला म्हणाले, "सगळी सापडली." ते जिंकले होते की हरले होते ते त्यांना त्या दिवशी माहीत नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नाही.

पट्टी सुटली त्या सकाळी आम्ही दोघं तिथं होतो. डॉक्टरांनी तिच्यासमोर बोटं धरली. अक्का बघत राहिली. "धुकं हाय," ती म्हणाली. "नुसतं पांढरं धुकं हाय." डॉक्टर म्हणाले, काळजी करू नका, आतलं भिंग काढलंय, आता बाहेरून चष्म्याचं लावायचं, जखम भरली की नंबर काढू. अक्कानं मान डोलावली. पण टांग्यात बसल्यावर माझ्या कानाशी म्हणाली, "माझ्या अव्वाला बी असंच सांगितलं व्हतं. थोडं थांब, दिसंल म्हनून."

तो सगळा काळ फार वाईट गेला. हिरवी झापड लावून अक्का कोपऱ्यात बसून असायची. बोळातल्या बायका यायच्या, ती बोलायची नाही. पेपर रोज यायचा. मी वाचू का विचारलं तर म्हणायची, "नको. साकु." साकु म्हणजे पुरे. अण्णांनीही कोडं सोडवायचं सोडून दिलं. थोरल्यांनी पेपराची आठवण केली तर म्हणाले, "तिचं झाल्याबिगर मिळायचा न्हाय." संडासाला, न्हाणीला, देवाशी, जिथं जायचं तिथं ते तिचा हात धरून न्यायचे. एकदा मी म्हटलं, अण्णा, मी नेते. "ते ठरलंय आमचं," ते म्हणाले. तिच्यासमोर ते कधी डगमगले नाहीत. पण एकदा नळावर पाणी भरताना घागर भरून वाहायला लागली तरी ते तसेच उभे होते, मी जाऊन नळ बंद केला.

मग चष्मा तयार झाला. अण्णा सकाळीच जाऊन घेऊन आले. मी मुद्दाम ड्यूटी बदलून घेतली होती. दिवस चांगला वर आलेला, दारातून ऊन आत आलेलं. अक्का खिडकीशी बसली होती, हात मांडीवर घट्ट धरलेले. तिचे ओठ हलत होते, ती काहीतरी कानडीत म्हणत होती. अण्णांनी खोक्यातून चष्मा काढला, पंच्यानं पुसला आणि तिच्या कानांवर चढवला. भिंगं इतकी जाड होती की त्यामागं तिचे डोळे केवढाले दिसायला लागले. मला राहवेना, मी त्या दिवसाचा पेपर झटकन तिच्यापुढं पसरला. "अक्का, वाच. काय विषय आहे वाच."

तिनं खाली बघितलं. "पक्षी," ती म्हणाली.

मी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. मी म्हटलं, "ज्वारी आणू?"

"थांब की," अक्का म्हणाली. "पक्षी काय उडून जात न्हाईत." तिनं पेपर बाजूला सारला, माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड उजेडाकडं वळवलं. मग ती बघायला लागली. कपाळ बघितलं, भुवया बघितल्या, नाक, गाल, हळूहळू खाली येत. "तुला हितं तीळ हाय की गं," ती म्हणाली आणि माझ्या गालावर बोट ठेवलं.

"जन्मापासून आहे."

"मला कुनी सांगितलं न्हाय."

तेव्हा मला उमगलं की मी त्या घरात राहायला आले तेव्हाच तिला समोरच्याचा चेहरा दिसेनासा झाला होता. पेपरावर नाक टेकवून बसायची ते सवय म्हणून नव्हे. इतके दिवस मी तिच्या घरात भाकरी खाल्ली, तिच्याशी भांडले, तिला हसवलं, आणि ती फक्त माझा आवाज ओळखत होती. मला रडू आलं. आणि ते तिला दिसलं, तेही पहिल्यांदाच. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि मग मान वळवली.

अण्णा चष्म्याचं रिकामं खोकं हातात धरून उभे होते. ती त्यांच्याकडं बघत राहिली. डोक्याकडं बघितलं, तिथं एक काळा केस उरला नव्हता. गाल आत गेले होते. मानेची कातडी सैल झाली होती. गेली काही वर्षं ते रोज तिच्यासमोर खुर्चीत बसून भीमा-सीना विचारत होते आणि तिला त्यांचा आवाज तेवढा येत होता, आणि आवाज काही म्हातारा झाला नव्हता.

"तुमी कवा म्हातारे झालासा?" तिनं विचारलं.

अण्णांनी खोकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. "तू बघत नव्हतीस तवा," ते म्हणाले.

मी पेपराची घडी घालून तिथंच ठेवली आणि बाहेर पडले. दारातून वळून बघितलं तर अक्कानं त्यांना हाताला धरून आपल्यासमोर उजेडात बसवलं होतं आणि ती त्यांच्याकडं बघत होती. अण्णा ताठ, मुकाट बसले होते. तिचं बघून होईपर्यंत ते हलले नाहीत.